वचनाचें मनन : मराठी ख्रिस्ती घराचें एक विसरलेलें वतन



ज्युबिली ही कल्पना इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रांतून आपल्याकडे आली आहे. पन्नासावें वर्ष उगवलें म्हणजे देशभर रणशिंग फुंकावें, गहाण पडलेली जमीन तिच्या मूळ घराण्याला परत मिळावी आणि दास झालेला बांधव आपल्या कुटुंबांत परत जावा, अशी ती आज्ञा होती. म्हणजे ज्युबिली हा केवळ उत्सव नव्हे. जें आपलें असून आपल्या हातून गेलें, तें पुन्हां आपल्या स्वाधीन होण्याचें तें वर्ष होय. ह्या स्मरणिकेंत मंदिराचा, संस्थांचा व सोहळ्याचा वृत्तांत इतर लेखक देतील. आम्ही मात्र हातून निसटलेल्या एका वतनाची आठवण येथें करूं इच्छितों. तें वतन म्हणजे पवित्र शास्त्राचें रोजचें मनन.

हें वाचतांच कोणी म्हणेल, “मनन हें मठांत राहणार्‍यांचें काम. आम्हां संसारी माणसांना वेळ कोठला?” दुसरा म्हणेल, “बायबल उघडून बसणें ही प्रॉटेस्टंट बांधवांची चाल. आपली भक्ति जपमाळेची व मिसाची.” हे दोन्ही आक्षेप इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत, हेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

मोशेनें लोकांना सांगितलें कीं, देवाचीं वचनें हृदयांत ठेवा आणि घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां त्यांविषयीं आपल्या मुलांशीं बोला. हे चारही प्रसंग घरादारांतले आहेत. त्यांत देवळाचा किंवा याजकाचा उल्लेख नाहीं. पुढें बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांपुढें एज्रा शास्त्र्यानें नियमशास्त्राचें पुस्तक उघडलें, तेव्हां लेवी लोकांनीं त्याचा अर्थ फोड करून सांगितला. अर्थ कळला तेव्हां लोक रडूं लागले. त्यांना सांगण्यांत आलें कीं, रडूं नका. घरीं जाऊन गोडधोड खा आणि ज्याच्या घरीं कांहीं नाहीं त्यालाहि वांटा पाठवा. वचन ऐकणें, समजणें, द्रवणें आणि शेजार्‍याला वांटा देणें, हा मननाचा सगळा क्रम त्या एका दिवसांत आला आहे. आणि नव्या करारांत पवित्र मरियामातेनें पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टी आपल्या अंतःकरणांत सांठवून ठेविल्या, हें संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसर्‍या अध्यायांत दोन वेळां सांगतो. ती नाझरेथच्या एका सुताराच्या घरची गृहिणी होती, हें विसरूं नये.

मठांनीं ह्या मननाला शिस्त दिली, हें खरें. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट ह्यांनीं आपल्या नियमांत हातांच्या कष्टाला वेळ नेमला, तसा शास्त्रवाचनालाहि नेमला. बाराव्या शतकांत दुसरे ग्विगो नांवाच्या कार्थूसियन मठाधिपतींनीं त्याच्या चार पायर्‍या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शांतपणें देवाकडे लागलेली दृष्टि. वाचन म्हणजे घांस तोंडांत घालणें, आणि मनन म्हणजे तो चावणें, असा त्यांचा दृष्टांत आहे. आपल्या शेतकर्‍याला ह्याहून सोपा दाखला मिळेल. गाय रानांत चरून येते व संध्याकाळीं गोठ्यांत बसून रवंथ करिते. चरणें लवकर आटोपतें, अंगीं लागतें तें रवंथानें. जुन्या मठवासीयांनींहि मननाला रवंथाचाच शब्द वापरला आहे.

परंतु ही शिडी मठाच्या भिंतीबाहेर आणून संसारी माणसाच्या दाराशीं लावण्याचें मोठें काम जिनीव्हाचे महागुरू संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनीं केलें. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिमार्गाचा ग्रंथ एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतून वाढला. शिपायाची छावणी, कारागिराचें दुकान, विवाहितांचें घर ह्यांतून भक्तीला हद्दपार करणें ही चूक आहे, असें त्यांनीं त्यांत निक्षून प्रतिपादिलें. मननाचा त्यांचा शेवटचा नियम तर फार मनोहर आहे. बागेंत फिरून आलेला मनुष्य चार फुलें खुडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो. त्याप्रमाणें सकाळच्या मननांतून एकदोन विचार निवडून घ्यावे आणि कामाच्या गर्दींत त्यांची आठवण करीत जावें. ह्याच संताच्या नांवानें १८३८ सालीं फ्रान्समधील आनसी येथें स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४५ सालीं हिंदुस्थानांत आले व नागपुरापर्यंत पोंचले. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत झाला आणि आपला चांद्याचा अरण्यप्रदेश १९६२ पर्यंत त्याच्याच छायेखालीं होता. म्हणजे संसारी माणसाच्या मननाचा कैवारी संत आपल्या मुलखाला परका नाहीं.

आतां मराठी भाषेकडे वळूं. कारण ह्या वारशाचें सर्वांत हृदयंगम प्रकरण तिच्यांतच घडलें.

सोळाव्या शतकांत गोमंतकांत नवा ख्रिस्ती समाज निर्माण झाला, त्याच्या मनाची स्थिति मोठी कठीण होती. ज्या पुराणांच्या श्रवणांत त्यांच्या वाडवडिलांच्या तिन्हीसांजा गेल्या, तीं पुराणें पोर्तुगीज सत्तेनें निषिद्ध ठरविलीं होतीं. त्यांना प्रश्नोत्तरी पाठ करवीत असत. परंतु आवडीनें ऐकावें, गावें, मनांत घोळवावें असें कांहीं त्यांच्यापाशीं उरलें नव्हतें. ही उणीव प्रथम कोणाला जाणवली? ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभींच हा प्रसंग आला आहे. साष्टी प्रांतांत पाद्री धर्मशिक्षण देत असतां श्रोत्यांपैकीं एक जण विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं? वाचकहो, ह्या प्रश्नांत भूक आहे आणि न्याय्य तक्रारहि आहे. शास्त्र आपल्या भाषेंत हवें, ही मागणी येथें श्रोत्याच्या मुखांतून आलेली आहे.

ती पुरी करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. १६१६ सालीं राचोल येथें त्यांचा ग्रंथ रोमन अक्षरांत छापून निघाला. त्याचे दोन भाग असून त्यांत सुमारें अकरा हजार, नेमक्या १०,९६२ ओंव्या आहेत. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणार्‍याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, आणि दुसर्‍यांत प्रभु येशूचें चरित्र. ओंवी हा छंद त्यांनीं विचारपूर्वक निवडला. ज्ञानदेव व एकनाथ ह्यांच्या ग्रंथांचा तो छंद, आणि जात्यावर बसलेल्या निरक्षर बाईचाहि तोच. डोळ्यांना अक्षरओळख नसली तरी कानानें ऐकलेली ओंवी जिभेवर बसते आणि हात कामांत असतांहि मनांत फिरत राहते. रविवारीं व सणावारीं मिसानंतर मंदिरांत हें पुराण वाचलें जाऊं लागलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

मग दिवस फिरले. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या सत्तेनें जुनीं पुराणें बंद केलीं, तिनेंच आतां नव्या पुराणाच्या भाषेवर घाला घातला. हा दोष झांकून ठेवण्यांत धर्माची शोभा नाहीं. परिणाम असा झाला कीं, त्या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. लोकांनीं तो हातानें उतरून घेतला व तोंडानें गायिला; कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं तो आपल्याबरोबर नेला. १७८४ ते १७९९ ह्या काळांत टिपू सुलतानानें मंगळूरकडील हजारों ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदींत ठेविलें. त्या बंदिवासांत धर्मगुरूंच्या अभावीं ह्याच पुराणाच्या पठणानें त्यांच्या श्रद्धेला आधार दिला, अशी आठवण त्या समाजांत जपली गेली आहे. पुढें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्दान्हा ह्यांनीं हस्तलिखितांवरून तें पुन्हां छापलें आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं तें देवनागरींत आणलें.

ह्या हकीगतींतून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. कागद जप्त होऊं शकतो, कसरीच्या तोंडीं पडूं शकतो. मनन करून अंतरांत सांठविलेलें वचन कोणत्याहि हुकुमानें काढून घेतां येत नाहीं.

आपल्या विदर्भाच्या वाटेवर घडलेली दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कवि नारायण वामन टिळक १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले असतां एका गोर्‍या सहप्रवाशानें त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनीं तो वाचावयास घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं ते खिळले. मनांतल्या कित्येक जुन्या प्रश्नांचीं उत्तरें त्यांना तेथें सांपडलीं. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु वचनापाशीं थांबण्याची ही रीत कोणत्याहि पंथाची मिरास नाहीं.

आपल्या चांदा धर्मप्रांताचा आरंभ ह्याच धाग्याशीं जोडलेला आहे. १९६२ सालीं हें मिशनक्षेत्र केरळांतील सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोंपविण्यांत आलें. १९७७ सालीं त्याला पूर्ण धर्मप्रांताची पदवी मिळाली, आणि बल्लारपूरचें संत थॉमस कॅथेड्रल हें त्याचें मुख्य मंदिर झालें. ह्या संघाच्या संस्थापकांपैकीं संत कुर्याकोस एलियास चावरा ह्यांनीं १८४६ सालीं मान्नानम येथें छापखाना उभारला. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या गांवच्या कुटुंबांसाठीं एक उपदेशपत्र लिहिलें. त्यांत ते म्हणतात कीं, सद्ग्रंथ हे ख्रिस्ती घराचें धन होय; आणि सायंप्रार्थनेची ठरलेली वेळ थोर पाहुणा घरीं आला असला तरी बदलूं नये. आज पाहुण्यासाठीं नव्हे, तर भिंतीवरच्या चित्रपेटीसाठीं व हातांतल्या यंत्रासाठीं ती वेळ आपण मोडतों, हें आपलें आपण पाहावें.

पूर्वीं शास्त्र हातीं नव्हतें ही सबब खरी होती. आतां ती उरली नाहीं. दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचें वारंवार वाचन करण्यास आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड देण्यास सांगितलें. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं वर्षांतील एक रविवार देववचनासाठीं राखून दिला. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं ‘सुबोध बायबल’ रचून आजच्या मराठींत तें घरोघर जाईल अशी सोय केली. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना लाभलें. साष्टीच्या त्या श्रोत्यानें जें मागितलें, तें आपल्यापुढें तयार ठेवलेलें आहे. मात्र पुष्कळ घरीं तें कपाटांत वस्त्रांत गुंडाळलेलें असतें.

आपलें बल्लारपूर हें कागदाचें गांव. १९४५ सालीं येथील कागद-कंपनीची स्थापना झाली आणि भोंवतालच्या रानांतील बांबू येथें येऊं लागला. येथल्या माणसाला ठाऊक आहे कीं, बांबूचा एकाएकीं कागद होत नाहीं. तो तोडावा, शिजवावा, त्याचा लगदा करावा, धुवावा, दाबावा, वाळवावा. तेव्हां कोठें त्यावर अक्षर उठतें. आपलें मन तरी ह्याहून निराळें काय? एका वाचनानें त्यावर वचन उमटत नाहीं. त्याला रोज थोडें थोडें भिजूं द्यावें लागतें.

तेव्हां आरंभ लहानच करावा. येत्या रविवारचा शुभवर्तमानाचा उतारा घ्यावा. घरांतल्या शाळकरी मुलानें तो मोठ्यानें दोनदां वाचावा. घरची भाषा तेलुगु असो, मल्याळम असो, हिंदी असो कीं मराठी, आजीला कळेल त्या भाषेंत वाचावा. मग थोडा वेळ सर्वांनीं गप्प बसावें. समजा, द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा दृष्टांत आला. दिवस मावळतां मावळतां कांहीं माणसें अजून चौकांत उभीं आहेत. विचारल्यावर तीं म्हणतात कीं, आम्हांला कोणी कामावर घेतलेंच नाहीं. ज्यानें आपल्या गांवांत सकाळीं रोजंदारीसाठीं उभें राहून दुपारीं रिकाम्या हातानें घर गांठलें असेल, त्याला हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्याला प्रभूनें पाहिलें आहे, एवढें कळलें तरी पुरे. आणि जो दुसर्‍याला कामावर लावतो, त्यानें स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या मजुराच्या हातांत आज दिवेलागणीपूर्वीं त्याची मजुरी पडली काय? हेंच त्या दिवसाचें फूल. तें खाणींत, कारखान्यांत, आगगाडीवर, लाकडाच्या आगारांत किंवा चुलीपाशीं आपल्याबरोबर असूं द्यावें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याचा वास अजून टिकला आहे काय हें पाहावें.

ज्युबिलीचें शिंग एकदां वाजून थांबेल, मंडप उतरेल. परंतु ह्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांतील दहा घरीं जरी शास्त्रावरचें वस्त्र सुटलें आणि रोज दहा मिनिटें तें वाचलें गेलें, तरी गहाण पडलेलें एक वतन मूळ वारसांस परत मिळालें असें म्हणतां येईल. प्रभु आपणां सर्वांना ती भूक देवो. आमेन.