खंडग्रास टापूतले ग्रहणदर्शन

सूर्यग्रहण जवळ आले की वर्तमानपत्रांतल्या माहितीत एक वाक्य हमखास येते: सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर थोडा वेळ साध्या डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. खग्रास पट्ट्यातल्या गावांपुरते ते बरोबर आहे. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबला किंवा शेजारच्या मुरबाडला मात्र त्याचा उपयोग नाही. १९८० पासून २०२२ पर्यंत या टापूत दिसलेले प्रत्येक सूर्यग्रहण खंडग्रास होते आणि २०२७, २०३१ ही येऊ घातलेली ग्रहणेही इथे खंडग्रासच दिसणार आहेत. त्यामुळे डोळखांबपुरता नियम सोपा आणि कडक आहे: स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, एक क्षणही उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचे नाही. या नियमामागची कारणे क्रमाने पाहू.

१. सावलीचे गणित

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि तो चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून आकाशात दोघांची बिंबे जवळपास सारखी दिसतात. चंद्र दर अमावास्येला सूर्याच्या दिशेला येतो, तरी दर अमावास्येला ग्रहण होत नाही, कारण त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. एरवी तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षांचे छेदनबिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या त्यांच्याजवळ पडली तर सूर्यग्रहण, पौर्णिमा पडली तर चंद्रग्रहण.

चंद्राचे अंतर साधारण ३ लाख ६३ हजार ते ४ लाख ५ हजार किलोमीटर यांमध्ये बदलते. तो जवळ असताना सूर्य पूर्ण झाकतो, ते खग्रास. दूर असताना कडेने तेजस्वी कडे उरते, ते कंकणाकृती. गडद सावलीचा पट्टा पृथ्वीवर फार तर पावणेतीनशे किलोमीटर रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या हजारो किलोमीटरांच्या प्रदेशात खंडग्रास ग्रहण दिसते. पृथ्वीवर सरासरी दीड वर्षाने कुठे ना कुठे खग्रास ग्रहण होते, पण एकाच गावाच्या वाट्याला ते सरासरी पावणेचारशे वर्षांनी येते. डोळखांबचे नशीब वाईट नाही, गणितच तसे आहे.

हे गणित आपल्याकडे जुने आहे. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहून ग्रहण काढण्याच्या रीती सोप्या केल्या. पुढे कित्येक पिढ्या पंचांगे त्यावर चालली.

२. पट्टा कुठून गेला, कुठून जाणार

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास पट्टा गेला. विजयदुर्गापासून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावकडे सावली गेली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आले होते. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक होते. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा, म्हणजे वेध घेण्यासाठीच्या चौथऱ्यांचा, संबंध अनेकदा १८६८ च्या ग्रहणाशी जोडला जातो. पण त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि पुढे हेलियमची म्हणून ओळखली गेलेली पिवळी रेषा त्यांनी तिथूनच टिपली. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ मध्ये. डोळखांब तेव्हाही पट्ट्याबाहेरच होते.

२२ जुलै २००९ ला पट्टा बराच जवळ आला. सुरतेत खग्रास, तर इथे नव्वद टक्क्यांहून अधिक सूर्य झाकलेला. पण ग्रहण ग्रस्तोदित होते, म्हणजे सूर्य ग्रहण घेऊनच उगवला, आणि मध्य सूर्योदयानंतर लगेचच होता. डोळखांबच्या पूर्वेला आजोबाच्या डोंगराची आणि सह्याद्रीची भिंत असल्याने सूर्य पंचांगात दिलेल्या वेळेपेक्षा उशिराच दिसतो. त्यात जुलैचे ढग. उलट २५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण ग्रस्तास्त होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्य ग्रहण घेऊनच मावळला आणि पाडवा एक दिवस पुढे गेला. अशा ग्रहणाला पश्चिमेची मोकळी बाजू हवी. गावातली जागा निवडताना ही दिशा आधी पाहावी.

ग्रहणे १८ वर्षे ११ दिवस ८ तासांच्या चक्राने परततात. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचा पट्टा तितकाच पश्चिमेला सरकतो. २००९ च्या ग्रहणाचे पुढचे आवर्तन २ ऑगस्ट २०२७ ला आहे: खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, आणि पुन्हा ऐन पावसाळा. २१ मे २०३१ चे कंकणाकृती ग्रहण केरळ-तामिळनाडूतून जाईल. इथे ते खंडग्रास, पण मे महिन्यातले आणि भर दुपारचे. डोळखांबसाठी खरी संधी हीच.

३. इजा कशी होते

ग्रहणात सूर्यापासून कोणतेही वेगळे किरण निघत नाहीत. एरवी सूर्याकडे पाहिले की डोळे दिपतात आणि आपण मान फिरवतो. ग्रहणात उजेड कमी झाल्याने बाहुली मोठी होते, दिपणे कमी होते आणि नजर जास्त वेळ टिकते. उरलेल्या कोरीचा प्रत्येक बिंदू मात्र नेहमीइतकाच प्रखर असतो. डोळ्यातले भिंग तो प्रकाश दृष्टिपटलाच्या मध्यावर एकवटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी मधोमध धूसर डाग दिसू लागतो, आणि तो कायमचाही राहू शकतो.

४. पाहण्याच्या रीती

प्रमाणित ग्रहणचष्मा दृश्य प्रकाशाचा फार तर ०.००३२ टक्के भाग आत सोडतो. या आकड्याशी घरगुती उपाय ताडून पाहावेत. परातीतल्या पाण्यात सूर्य डोक्यावर असतानाचे प्रतिबिंब सुमारे २ टक्के प्रकाश परत पाठवते, म्हणजे चष्म्याच्या मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक. सूर्य कलला की आणखी जास्त. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, गॉगल यांतून दिसणारा उजेड कमी वाटतो, पण अदृश्य अवरक्त किरण किती गाळले जातात याचा भरवसा नसतो. १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. चष्म्याला ओरखडा किंवा छिद्र असेल तर तो फेकून द्यावा. चष्मा लावून दुर्बिणीतून पाहणे सर्वांत घातक.

पावसाळी ग्रहणात आणखी एक फसगत होते. पातळ ढगाआड सूर्य मऊ दिसतो, चष्म्यातून काहीच दिसत नाही, म्हणून लोक चष्मा काढतात. तेवढ्यात ढग सरकतो. चष्म्यातून दिसत नसेल तर पाहणे थांबवावे.

डोळखांबसारख्या गावाला सर्वांत स्वस्त आणि निर्धोक साधन घरातच मिळते: कवडसा. कौलातली बारीक फट तिकोनी असो की वेडीवाकडी, दुपारी सारवलेल्या जमिनीवर पडणारा कवडसा गोलच असतो, कारण तो सूर्याचे उलटे चित्र असतो. त्याचा व्यास फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा साधारण १०८ वा भाग भरतो. कौल सव्वातीन मीटर उंच असेल तर कवडसा तीन सेंटिमीटर. ग्रहण लागले की या गोलाची एक कड कुरतडली जाते आणि मध्याच्या सुमारास जमिनीवर चंद्रकोरी पसरतात. कारवीच्या कुडातून, आंब्याच्या पानांच्या फटींतून हेच घडते. २१ मे २०३१ ला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने कवडसे सरळ खाली पडतील. घरात फट नसेल तर चाळण जमिनीपासून मीटरभर वर धरावी. शाळेत आरशावर ५ मिलिमीटर छिद्राचा कागद चिकटवून सूर्य अंधाऱ्या वर्गात पाठवावा. १० मीटरवर ९ सेंटिमीटरचे बिंब मिळते. मुलांनी पाठ सूर्याकडे आणि तोंड भिंतीकडे ठेवावे.

५. चंद्रग्रहण

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. पाहायचा तो चंद्रच, म्हणून चष्मा लागत नाही आणि दुर्बीणही चालते. सावली चंद्राच्या अडीच पटींहून रुंद असल्याने खग्रास स्थिती तासाभराहून जास्त टिकू शकते; ७ सप्टेंबर २०२५ ला ती रात्री ११ पासून ८२ मिनिटे होती. तांबडा रंग पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेल्या प्रकाशाचा. तो किती गडद आहे हे शून्य ते चार अशा दांजों श्रेणीत नोंदवता येते, आणि हे काम आठवीतले मूलही करू शकते.

६. वेध, सुतक आणि गरोदर बाई

भीती सूर्याकडे पाहण्याची असावी, ती अन्न-पाण्याला आणि कामाला चिकटवण्याचे कारण नाही. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, असे मानतात. पण बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. भाजी चिरण्याशी त्याचा संबंध नाही. तासन् तास उपाशी-तहानलेले ठेवल्याने मात्र गरोदर बाईला खरोखर त्रास होतो. तिने वेळेवर जेवावे, पाणी प्यावे, आणि वाटले तर अंगणात येऊन कवडसाही पाहावा.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. मध्य सव्वादहानंतर, चंद्र आकाशात उंच, हिवाळ्याचे आकाश. डोळखांब-मुरबाडच्या शाळांनी ती रात्र निरीक्षणासाठी आताच राखून ठेवावी आणि मे २०३१ साठी प्रमाणित चष्मे वेळेत मागवावेत. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून चष्मे आणि चाळणीची रीत सुट्टी लागण्याआधीच मुलांच्या घरी पोचवावी.