घर पाहावे विकत घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दिवाळीत चार पाहुणे जमले, फराळाची ताटे पुढे आली, की या दोन्ही विषयांवर बोलणे निघतेच. पण या म्हणीकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिला घर बांधणे ठाऊक आहे. घर विकत घेणे ठाऊक नाही. गावाच्या गजबजाटापासून दूर, पण स्टेशन, शाळा आणि बाजार हाताशी असलेल्या वस्तीत आपले घर असावे, ही आज घरोघर दिसणारी इच्छा आपल्या समाजात सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडची नाही. ती कशी जन्माला आली आणि तिच्यापायी माणसांना काय काय शिकावे लागले, ते सांगण्याचा हा प्रयत्न. मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे; गोष्टी लिहिणारा एक शाळामास्तर आहे. तेव्हा हा इतिहास मास्तरकीच्याच ओघात सांगणार.

आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत घर ही बाजारात मिळणारी वस्तू नव्हती. गाव मालगुजाराचे आणि गावाची आबादी ठरलेली. त्या आबादीत कास्तकाराला घरापुरती जागा मिळे. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओटा, मागे सांदवाडी आणि तिच्यात वालाचा वेल, असे ते घर. कवेलू दर पावसाळ्यापूर्वी फेरावे लागत आणि त्या कामाला शेजारी येत. घर म्हणजे गावात असण्याचा पुरावा होता. त्याची किंमत रुपयांत कोणी काढीत नसे. मात्र या चित्राला भुलून जाऊ नये. मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, आणि कोणी गावाच्या कोणत्या टोकाला राहावयाचे हे जातीने आधीच ठरवून ठेवलेले असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून आबादी सरकारकडे आली.

गोंदिया शहर मात्र आगगाडीचे अपत्य आहे. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग इथून गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग रुंद केला. पुढे १९०३ पासून सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी इथूनच सुटू लागली आणि गोंदिया जंक्शन झाले. धान, बिडी, लाख यांचा व्यापार स्टेशनाभोवती गोळा झाला. धानाच्या गिरण्या आल्या, हमाल आले, व्यापारी आले, कारकून आले. जिथे स्टेशन तिथे रोजगार आणि जिथे रोजगार तिथे दाटी, हे ओघानेच आले. मग ज्याच्या गाठीला चार पैसे जमतात तो विचार करू लागतो, की स्टेशनापासून थोडे लांब जावे, पण फार लांब नको. या 'थोडे लांब'चा शोध आपल्या महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर लागला तो मुंबईला. म्हणून आता तिकडे वळू.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली धावली आणि १८६७ साली विरारपर्यंतची स्थानिक गाडी सुरू झाली. तरीही माणसे शहराबाहेर राहावयास चटकन गेली नाहीत. चाळीतली खोली कितीही अंधारी असली तरी ती कामाच्या जवळ होती. माणसांना बाहेर काढले ते १८९६ च्या प्लेगने. मांडवीच्या दाट वस्तीत ही साथ प्रथम ओळखली गेली आणि बघता बघता निम्मे शहर गावाकडे पळाले. १८९८ साली सरकारने इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या शेतजमिनीवर नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, दोन घरांमध्ये मोकळी जागा, मध्ये बागा! शांत वस्ती म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिच्या मुळाशी असा एका साथीचा धसका आहे.

वसाहती आखल्या खऱ्या. पण पगारदार माणसाने तिथले घर कोणत्या पैशांनी घ्यावे? त्याला जागा विकत घेणे परवडेना आणि घरमालकाचे भाडे सोसवेना. या प्रश्नाचे उत्तर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी शोधले. इंग्लंडात त्या सुमारास भाडेकऱ्यांनी एकत्र येऊन आपणच आपले मालक होण्याची पद्धत सुरू झाली होती. तिच्या धर्तीवर त्यांनी १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. भारतातील पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. युक्ती साधी होती. प्रत्येक सभासदाने थोडे भांडवल भागांच्या रूपाने घालावयाचे, उरलेले संस्थेने कर्जाऊ आणावयाचे आणि सभासदांच्या भाड्यातून ते हळूहळू फेडावयाचे. इमारत संस्थेची, सभासद भाडेकरू, पण संस्था म्हणजे तेच सभासद! ज्या कारकुनाला एकट्याने एक खोलीही बांधता आली नसती, त्याला दहाजणांत मिसळून हवेशीर बिऱ्हाड मिळाले.

ही वाट मग उपनगरांत गेली. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली, १९२८ साली ती पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत पोहोचली आणि अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजले जाऊ लागले. पण नुसत्या गाडीने वस्ती होत नाही. पार्ल्याच्या रहिवाशांनी १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय काढले, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढला. शाळा, ग्रंथालय, व्याख्याने यांची सोय आधी सोसायची आणि मग घराची शोभा पाहायची, असा तो क्रम होता. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पुढे याच पार्ल्यात गेले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

आता या गोड चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या वसाहतींची नावेच पाहा : सारस्वत, पारशी, हिंदू. एकत्र येणे सोपे जावे म्हणून माणसे जातीपातीने एकत्र आली, आणि जो त्या जातीचा नव्हता तो फाटकाबाहेर राहिला. याच ट्रस्टने परळला कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या. त्यांतल्याच एका चाळीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. १९३० नंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेही मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. परळची चाळ आणि दादरचे राजगृह यांतले अंतर फार नाही. पण ते एका पिढीला केवढ्या कष्टाने कापावे लागले! १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेव्हा आमचे गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. शांत वस्तीत कोणाला घर मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमच्याही दारात आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. भाडेकरूंना आधार मिळाला. पण भाडी गोठली तशी भाड्यासाठी घरे बांधण्याची हौसही ओसरली. बांधणाऱ्यांनी घरे विकावयास आरंभ केला. मालकी हक्काचा 'ब्लॉक' हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसला आणि त्याबरोबर फसवणूकही आली. पैसे आधी, घर नंतर. नकाशा एक, बांधकाम दुसरे. जमीन कोणाची याचा पत्ताच नाही! तक्रारी इतक्या वाढल्या की १९६० साली सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली आणि १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. लेखी करार केल्यावाचून मोठी रक्कम घेऊ नये, जमिनीचा हक्क दाखवावा, संस्था स्थापून जागा तिच्या नावे करून द्यावी, हे त्याचे सार. अर्धशतकानंतर २०१६ चा 'रेरा' कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण काम करू लागले. ग्राहकांच्या पैशांतला सत्तर टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावयाचा आणि तो त्याच कामावर खर्चावयाचा, असा त्याचा दंडक आहे. या कायद्यांतले प्रत्येक कलम कोणाच्या तरी बुडालेल्या पैशांवर लिहिलेले आहे.

हे सारे मुंबईचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बदलीची माणसे आली, आणि कुडवा, फुलचूर या शहराला लागून असलेल्या गावांकडे घरे सरकली. काल जिथे धानाच्या बांध्या होत्या तिथे आज चुन्याच्या रेघा दिसतात. आमच्या एका सहकाऱ्याने भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून आणि बायकोच्या पाटल्या मोडून अशाच एका आखणीत प्लॉट घेतला. नकाशात तीस फुटांचा रस्ता होता, कोपऱ्यात बाग होती. रस्ता नकाशातच राहिला आणि बागेच्या जागेचाही पुढे सौदा झाला. पहिल्या पावसात बाई चिखलातून चपला हातात घेऊन घरी गेल्या. "पाटल्या गेल्याचं दुःख नाही भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "पण पाहुण्यांना या म्हणायची लाज वाटते."

पुढे त्या आखणीतली नऊ घरे एकत्र आली. त्यांत शिक्षक होते, एक रेल्वेचा गँगमन होता, एक बिडीचा ठेकेदार होता. जातीही नऊ प्रकारच्या असतील. त्यांनी कचेरीतून मंजूर नकाशाची नक्कल काढली, सातबारे तपासले, वर्गणी काढून रस्त्यावर मुरूम टाकला आणि बागेच्या जागेसाठी रीतसर अर्ज केला. बागेचे भांडण अजून चालूच आहे. पण मुरमाच्या त्या रस्त्यावरून या दिवाळीत पाहुणे कोरड्या पायांनी आले.

तालमकींच्या गावदेवीपासून आमच्या या नऊ घरांपर्यंत एकच धागा मला दिसतो. भिंती आणि छप्पर पैशाने मिळतात; शांतता, रस्ता आणि बाग ही शेजाऱ्यांनी मिळून मिळवावी लागतात. म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा, वाचकहो, स्टेशन किती दूर आहे हे जरूर विचारा, जमीन बिगरशेती आहे काय, आखणी मंजूर आहे काय, तेही कागदावर पाहा. पण व्यवहार पुरा करण्यापूर्वी एकदा शेजारच्या ओट्यावर बसून चहा घ्या. कवेलू फेरावयास जे येत असत, ते शेजारी तिथे आहेत की नाहीत, हे त्या एका कपात कळून येईल.