बिनतारी गृह ब्रॉडबँडचा वेग

बिनतारी गृह ब्रॉडबँड म्हणजे घरापर्यंत केबल न टाकता मोबाइल मनोऱ्यावरून रेडिओ लहरींद्वारे पुरवली जाणारी इंटरनेट सेवा होय. घरात किंवा छपरावर बसवलेले उपकरण मनोऱ्याशी जोडले जाते आणि राऊटर ती जोडणी वाय-फायद्वारे घरभर पोहोचवतो. जेथे फायबर पोहोचलेले नाही, तेथे ऑनलाइन शिक्षण व घरून काम यांसाठी अनेकदा हाच मुख्य पर्याय असतो. त्यामुळे या सेवेचा वेग मंदावणे ही केवळ गैरसोय राहत नाही. मंदावण्याची कारणे मनोऱ्यावर, वाटेत किंवा घरात असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

भारतातील प्रसार

भारतात ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली व मुंबई येथे, तर १९ सप्टेंबर २०२३ रोजी जिओने मुंबई व पुण्यासह आठ शहरांत ‘एअरफायबर’ नावाने अशी सेवा सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येतील किमान डाउनलोड वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट प्रतिसेकंद करण्यात आला. उच्च दर्जाची एक चित्रफीत पाहण्यास साधारणपणे ५ मेगाबिट प्रतिसेकंद वेग लागतो. म्हणजेच व्याख्येत बसणारी जोडणीही प्रत्यक्ष वापरास अपुरी पडू शकते.

वेग मंदावण्याची कारणे

मनोऱ्यावरील भार : मनोऱ्याची क्षमता त्या क्षेत्रातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. संध्याकाळी व रात्री वापर वाढला की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो.

क्षीण सिग्नल : ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून तुलनेने सहज पार होतात, परंतु या पट्ट्याची रुंदी व म्हणून क्षमता मर्यादित असते. ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची क्षमता मोठी असली तरी काँक्रीट, पत्र्याचे छप्पर, धातूचा लेप असलेली काच, डोंगर व दाट झाडी यांमुळे त्या लहरी क्षीण होतात. २६ गिगाहर्ट्झच्या लहरींवर मुसळधार पावसाचाही परिणाम होतो.

घरातील अडथळे : वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा दूरवर पोहोचतो, मात्र शेजारच्या राऊटरांमुळे त्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. सीसीटीव्ही किंवा छायाचित्रांचा आपोआप होणारा साठा अपलोडची मर्यादित क्षमता व्यापतो. तेव्हा डाउनलोड वेग पुरेसा असूनही व्हिडिओ कॉल अडखळतात.

डेटा मर्यादा : योजनेत ठरलेला डेटा संपल्यावर कंपनी वेग मुद्दाम कमी करते.

निदान

वेगचाचणी प्रथम राऊटरला केबलने जोडलेल्या संगणकावर व नंतर वाय-फायवर, तसेच पहाटे व रात्री, अशी काही दिवस घेतली जाते. केबलवर वेग चांगला व वाय-फायवर कमी असल्यास दोष घरात असतो. केबलवरही केवळ रात्री वेग घटत असल्यास मनोऱ्यावरील भार हे संभाव्य कारण ठरते. सर्व वेळी वेग कमी असल्यास सिग्नल व डेटा मर्यादा तपासावी लागते. सिग्नलची तीव्रता बहुतेक राऊटरांच्या सेटिंगमध्ये दिसते. ती ऋण आकड्यांत असते. ४जी व ५जी जाळ्यांत उणे ८० डीबीएमच्या आसपासचा सिग्नल चांगला, तर उणे ११० च्या खालचा क्षीण मानला जातो. दर १० डेसिबलने घट म्हणजे शक्ती एक दशांश होणे.

जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दिलेला असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट असल्याने १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात.

उपाय

सिग्नल क्षीण असल्यास घरातील उपकरण मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीजवळ ठेवल्याने किंवा छपरावरील उपकरणाची दिशा तंत्रज्ञाकडून बदलून घेतल्याने वेग वाढू शकतो. वाय-फाय राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर व लोखंडी कपाटापासून दूर ठेवणे उपयुक्त असते. संगणक व दूरचित्रवाणी संच केबलने जोडल्यास वाय-फायवरील भार हलका होतो. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर बसवणे भारतात बेकायदेशीर आहे. अशा यंत्रामुळे परिसरातील इतरांच्या सेवेत व्यत्यय येतो.

मनोऱ्यावरील भार ग्राहकाला कमी करता येत नाही. मोठ्या फाइली पहाटे उतरवणे हा तात्पुरता मार्ग असतो. क्षमता वाढवणे हे कंपनीचेच काम आहे.

तक्रार निवारण

भारतात प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. निराकरण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. तारीख व वेळेसह ठेवलेल्या चाचण्यांच्या नोंदी तक्रारीला आधार देतात, कारण त्यांतून दोष घराबाहेरचा असल्याचे दाखवता येते.