छायाचित्रांचीं जोडपत्रें व दप्तराचे रुमाल

एखादें जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संशोधकानें प्रथम काय करावें, याविषयीं आपल्यांत फारसा मतभेद नाहीं. रुमाल सोडण्यापूर्वीं तो कसा बांधला आहे तें पाहावें, त्यावर चिठ्ठी असल्यास ती उतरून घ्यावी, आणि पुडक्यांतील कागदांचा क्रम मोडूं नये. कागदाच्या अंगावर जेवढें लिहिलेलें असतें, त्याहून अधिक माहिती पुष्कळदां तो कोणत्या कागदांच्या शेजारीं होता यावरून मिळते. गेल्या वीस वर्षांत आपल्यापैकीं अनेकांनीं मूळ कागदांबरोबर, किंबहुना मूळ कागदांच्या ऐवजीं, त्यांचीं छायाचित्रें जमविण्यास आरंभ केला आहे. परंतु रुमालास लावलेला दंडक आपण छायाचित्रांस लावला नाहीं. त्याचा परिणाम काय होतो हें प्रस्तुत लेखकास स्वतःच्या संग्रहांत पाहावें लागलें. तो वृत्तांत पुढें देतों. त्याआधीं या नव्या साधनाची घडण थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

लेखाविषयींची माहिती दोन ठिकाणीं राहूं शकते : लेखाच्या अंगावर, किंवा त्याच्या शेजारीं. पोथीच्या शेवटची पुष्पिका आणि प्रत्येक पानाच्या समासांत घातलेलें ग्रंथनामाचें संक्षिप्त रूप व पत्रांक हीं पहिल्या प्रकारचीं. पान सुटून दुसऱ्या पोथींत गेलें तरी समासांतील त्या दोन अक्षरांवरून तें पुनः आपल्या घरीं येऊं शकतें. मोडी पत्रावरचे रुजू, बार इत्यादि शेरे, पत्र पावल्याची 'पै॥ छ' अशी नोंद, हींहि अंगावरचींच. याच्या उलट रुमालाची चिठ्ठी. ती कागदास इजा करीत नाहीं, हवी तेव्हां बदलतां येते, पण गांठ सुटली कीं ती कोठें जाईल याचा नेम नाहीं. या दोहोंच्या मधली एक फार शहाणपणाची तोड मुंबई सरकारच्या पोथीसंग्रहांत दिसते. डेक्कन कॉलेजांतून १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आलेल्या या पोथ्यांचा निर्देश संग्रहाचें वर्ष आणि त्या वर्षांतील क्रमांक असा जोडीनें होतो. १८७९-८० पैकीं अमुक क्रमांक, असें म्हटलें कीं पोथी केव्हां हातीं आली हें तिच्या नांवांतच येऊन जातें.

आतां छायाचित्राकडे वळूं. चांगल्या कॅमेऱ्यांत 'रॉ' नांवाची जी फाइल तयार होते ती म्हणजे संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची, कसलाहि संस्कार न केलेली नोंद होय. घेतल्याचा दिवस, वेळ, भिंगाचा प्रकार, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक इतकी माहिती कॅमेरा आपण होऊन तिच्या पोटांत घालतो. १९९५ सालीं जपानांत निघालेल्या 'एक्झिफ' या प्रमाणावर ती पद्धति बेतलेली आहे. परंतु हा कागद कोणाचा, कोणत्या रुमालांतला, पुढची बाजू कीं पाठ, हें कॅमेऱ्यास कळत नाहीं. तें आपणच लिहिलें पाहिजे. लिहावयाचें कोठें, हा प्रश्न येथें उपस्थित होतो. कॅननची सीआर२, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशा प्रत्येक कारखान्याच्या रॉ फाइली निराळ्या, आणि त्यांची आंतील रचना कारखान्यांनीं पुरतेपणीं प्रसिद्ध केलेली नाहीं. परक्या प्रणालीनें त्यांत लिहूं जावें तर मूळ वस्तूच बिघडण्याचें भय. म्हणून ॲडोबी कंपनीनें २००१ सालीं काढलेल्या 'एक्सएमपी' या पद्धतीनें ही माहिती शेजारच्या एका लहान फाइलींत लिहिण्याचा प्रघात पडला. २०१२ सालीं या पद्धतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली. मोटरसायकलीच्या बगलेस जोडलेल्या गाडीवरून या फाइलीस 'साइडकार' म्हणतात. आपण तीस जोडपत्र म्हणूं.

जोडपत्राचा आपल्या कामास विशेष उपयोग आहे, तो लिपीमुळें. वृत्तसंस्थांसाठीं १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ठरलेल्या जुन्या नोंदपद्धतींत शहराच्या नांवास अवघ्या ३२ बाइटांची जागा असे. इंग्रजी नांवास ती पुरे. पण देवनागरीचें प्रत्येक चिन्ह हल्लींच्या रूढ संकेतांत तीन बाइट घेतें. 'त्र्यंबकेश्वर' या शब्दांत मात्रा, हलन्त व अनुस्वार धरून १३ चिन्हें, म्हणजे ३९ बाइट होतात. एवढें मोठें क्षेत्र त्या चौकटींत मावत नव्हतें! एक्सएमपीस हें बंधन नाहीं. ती युनिकोड संकेत वापरते, आणि २०१४ पासून त्या संकेतांत मोडी लिपीचाहि समावेश झाल्यामुळें पत्राचा मायना मोडींतच नोंदावयाचा म्हटलें तरी अडचण नाहीं. तारखांचेंहि तसेंच. छायाचित्र घेतल्याची तारीख कॅमेरा घालतो. मूळ लेखाची तारीख निराळ्या रकान्यांत, नुसतें वर्ष कळत असेल तर नुसतें वर्षहि, लिहितां येतें. मात्र 'सन तिसा सितैन मया व अलफ' हे शब्द वर्णनांत जसेच्या तसे ठेवावे आणि १७६८-६९ हें त्याचें रूपांतर निराळें लिहावें. रूपांतर आपलें असतें. शब्द कागदाचे असतात.

याहून मोठा गुण असा कीं, जोडपत्रामुळें मूळ फाइलीस कधींच हात लागत नाहीं. रॉ फाइलीची अंकमुद्रा, म्हणजे तिच्या सर्व बाइटांवरून गणितानें काढलेली खूण, एकदां नोंदून ठेवली कीं दहा वर्षांनीं तीच निघाली पाहिजे. न निघाल्यास फाइलींत फरक पडला हें ताबडतोब कळतें. २००४ सालीं ॲडोबीनेंच डीएनजी नांवाचा एक प्रकार काढला. त्यांत माहिती पोटांतच लिहितां येते आणि ताटातुटीची भीति उरत नाहीं, म्हणून कित्येक जाणते लोक सर्व रॉ फाइली त्यांत रूपांतरित करण्याचा सल्ला देतात. मला तो आपल्या कामापुरता पटत नाहीं. मितीच्या वाचनांतील एक चूक सुधारली तरी सबंध फाइलीची मुद्रा बदलते, आणि पुराव्याची वस्तु जशीच्या तशी राहिली आहे असें शपथेवर सांगतां येत नाहीं. सर्व माहिती प्रणालीच्या एकाच मोठ्या नोंदवहींत ठेवण्याची तिसरी रीत आहे. ती शोधास सोयीची, पण नोंदवही वाचणारी प्रणालीच बंद पडली म्हणजे काय? ॲपल कंपनीचें ॲपर्चर २००५ सालीं निघालें आणि २०१५ सालीं विक्रींतून गेलें. ज्यांनीं आपल्या नोंदी वेळींच बाहेर काढल्या नव्हत्या त्यांची धांवपळ अनेकांनीं पाहिली आहे.

आतां वृत्तांत. २०१२ च्या हिवाळ्यांत कृष्णाकांठच्या एका गांवीं एका सावकारी घराण्याचें दप्तर पाहण्याची संधि मला व माझ्या एका स्नेह्यांस मिळाली. एकंदर २३ रुमाल होते. दोघांपाशीं एकाच जातीचे दोन कॅमेरे; पुडकें एकच, पण त्यांतील कागद कधीं मी घेई, कधीं ते घेत. पाठपोट धरून ११,३८६ छायाचित्रें झालीं. पहिल्या नऊ रुमालांच्या आरंभीं आम्हीं कागदाच्या चिठोऱ्यावर रुमालाचा आंकडा लिहून त्या चिठोऱ्याचेंच एक छायाचित्र घेत होतों. दहाव्यापासून घाई झाली आणि ती चाल सुटली. रात्रीं बसून प्रत्येक छायाचित्राच्या जोडपत्रांत रुमाल, पुडकें, कागद व बाजू यांचे आंकडे मात्र नियमानें भरले.

कॅमेऱ्यांतील फाइलींचीं नांवें चार अक्षरें व चार आंकडे अशीं असतात, हा १९९८ चा संकेत आहे. ९९९९ नंतर पुनः ०००१ येतो, व दोन कॅमेरे असले तर तींच नांवें दोनदां येतात. आमचें तसेंच झालें होतें. निरनिराळ्या फोल्डरांत असल्यामुळें तें बाधलें नाहीं, इतकेंच. तीन वर्षांनीं नव्या डिस्कवर संग्रह हलवितांना मीं सर्व रॉ फाइलींस एका झटक्यांत नवीं, सलग नांवें दिलीं. जोडपत्रें निवडण्यास विसरलों. नांवांतील साम्य हीच जोडपत्राची गांठ. ती त्या क्षणीं सुटली. पुढें तीं मोकळीं जोडपत्रें एका ठिकाणीं असावींत म्हणून मीं सर्व एकाच फोल्डरांत ओतलीं. सारख्या नांवाच्या फाइली आहेत, त्यांपैकीं नवी असेल तेवढी ठेवूं काय, असें यंत्रानें विचारलें. मीं होय म्हटलें. ६४३ जोडपत्रें त्या एका होकारांत गेलीं. ज्या संगणकावर मूळ नोंदवही होती त्याची डिस्क त्यापूर्वींच निकामी झाली होती, आणि दुसरी प्रत ठेवण्याचें काम, नेहमींप्रमाणें, पुढच्या महिन्यावर टाकलेलें होतें.

हें मूळ दप्तराकडे जाऊन पुनः पाहतां आलें असतें. पण मध्यंतरींच्या एका पावसाळ्यांत त्या कपाटास वाळवी लागली. घरच्या मंडळींनीं जे कागद वांचविले ते रुमालांवांचून, एका पेटींत, मिळतील तसे भरले. कागद आहेत, रुमाल नाहींत.

यांत माझें एक विधान अडकलें होतें. चौदाव्या रुमालाच्या तिसऱ्या पुडक्यांत एक बिनमितीचें पत्र होतें. भोंसल्यांवरील मोहिमेमुळें हुंडीची रक्कम अडकली आहे, एवढाच त्याचा विषय. माधवराव पेशव्यांच्या जानोजी भोंसल्यांवर दोन मोहिमा झाल्या. पहिलीचा शेवट १७६६ च्या आरंभीं दर्यापूरच्या तहानें, दुसरीचा १७६९ मध्यें कनकापूरच्या तहानें झाला. पत्राच्या मजकुरावरून कोणतीहि धरतां येते. त्या पुडक्यांतील मिती असलेले बाकीचे सारे कागद १७६८-६९ चे होते, एवढ्यावरून मीं तें पत्र दुसऱ्या मोहिमेचें ठरवून एका लेखांत छापलें होतें. आतां त्या पुडक्याची साक्ष देणारें जोडपत्रच नाहींसें झालें.

उरलेल्या १०,७४३ जोडपत्रांची व्यवस्था त्या मानानें सोपी निघाली. नांवाची गांठ सुटली तरी जोडपत्राच्या आंत छायाचित्र घेतल्याची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक यांची नक्कल प्रणालीनें करून ठेविलेली होती, आणि तींच रॉ फाइलीच्या पोटांतहि होतीं. फिल हार्वे यांची एक्झिफटूल नांवाची, २००३ पासून चालत आलेली मोफत प्रणाली दोहोंकडील आंकडे कोष्टकांत काढून देते. तीं दोन कोष्टकें ताडून सर्व जोडपत्रें आपापल्या छायाचित्रांस पुनः लावतां आलीं. पोथीच्या समासांतील पत्रांकानें जें साधतें तेंच येथें साधलें.

गेलेल्या ६४३ चें काम निराळें. तेथें दोन्ही कॅमेऱ्यांचीं छायाचित्रें काळानुक्रमें एका रांगेंत लावणें भाग होतें, आणि रांग कांहीं केल्या जुळेना. स्नेह्यांचीं दुपारचीं छायाचित्रें रात्रींचीं दिसत. शेवटीं त्यांनीं सहज घेतलेल्या ओसरीच्या एका छायाचित्रांत भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ सांपडलें. त्यांत सवाचार वाजले होते, फाइलींत पावणेआठ. हा साडेतीन तासांचा फरक म्हणजे जपानची वेळ. कॅमेरा विकत घेतल्यापासून तीच त्यांत चालत राहिली होती. घड्याळ कोणत्या देशाचें हें नोंदण्याची सोय एक्झिफमध्यें २०१६ पर्यंत नव्हतीच. साडेतीन तास वजा केल्यावर रांग जुळली. पहिल्या नऊ रुमालांतील ४०२ छायाचित्रांचा रुमाल त्या चिठोऱ्यांच्या छायाचित्रांवरून निश्चित झाला. बाकीच्यांपैकीं १९८ छायाचित्रें अशीं निघालीं कीं, त्यांच्या आधींचें व नंतरचें, जोडपत्र शाबूत असलेलें जवळचें छायाचित्र एकाच पुडक्याचें होतें. ४३ पुडक्यांच्या सांध्यावर पडलीं. त्यांचा निर्णय होत नाहीं.

यानंतर माझ्या संग्रहांत कांहीं गोष्टी बदलल्या. फाइलीचें नांव संग्रह, वर्ष, रुमाल, कागद व बाजू असें पहिल्याच दिवशीं दिलें जातें व पुढें बदललें जात नाहीं. जोडपत्राच्या नांवांत मूळ फाइलीचें सबंध नांव, शेवटच्या सीआर२ वगैरे प्रत्ययासुद्धां, ठेवतों. डार्कटेबल ही प्रणाली तसेंच करते. लाइटरूममध्यें प्रत्यय गळतो, आणि त्याच नांवाचें जेपेग शेजारीं असलें म्हणजे जोडपत्र नक्की कोणाचें हा घोटाळा पडतो. दर महिन्यास रुजुवात होते : रॉ किती, जोडपत्रें किती, बिनजोडाचीं कोणतीं. आणि चिठोरा आतां रुमालाच्याच नव्हे, प्रत्येक पुडक्याच्या आरंभीं ठेवतों. चित्रांतच दिसणारा आंकडा कोणत्याहि प्रणालीस पुसतां येत नाहीं.

तें बिनमितीचें पत्र १९८ पैकीं आहे. त्याच्या आधींचें दुसरें आणि नंतरचें तिसरें छायाचित्र जोडपत्रासह शिल्लक असून दोन्ही चौदाव्या रुमालाच्या तिसऱ्या पुडक्याचीं आहेत. सर्व मिळून दोन मिनिटांच्या आंतलीं, पैकीं एक स्नेह्यांच्या कॅमेऱ्याचें. पत्र त्या पुडक्यांतलेंच असावें असें मला अजूनहि वाटतें. तथापि पूर्वीं जी नोंद होती तिचें आतां अनुमान झालें आहे, तेंहि एका ओसरीवरच्या घड्याळाच्या बरोबर चालण्यावर अवलंबून. म्हणून माझ्या त्या लेखांतील १७६९ हें वर्ष वाचकांनीं यापुढें चौकोनी कंसांत, प्रश्नचिन्हासह, वाचावें.