मोक्षमूलरांचे मूळ

लोकमान्य टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत खटपट करणाऱ्यांत ऑक्सफर्डचे एक जर्मन पंडित होते. ‘भट्ट मोक्षमूलर’ हे संस्कृत नाव त्यांनी स्वतःच आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीवर घातले होते. मोक्ष आला, मूळही आले! परंतु श्रोतेहो, मूळ आडनाव ‘म्यूलर’, आणि त्याचा अर्थ एवढाच, की चक्कीवाला.

जर्मन मुलखात आडनावे साधारणतः बाराव्या शतकापासून, प्रथम शहरांतून, रूढ होत गेली. लोहार तो श्मिट, शिंपी तो श्नायडर, विणकर तो वेबर. आज जर्मनीत सर्वांत अधिक आढळते ते मात्र म्यूलर. कारण गावोगाव ओढ्यावर पाणचक्की असे. पुष्कळ ठिकाणी ती सरंजामदाराच्या मालकीची, आणि कुळांनी दळण तेथेच न्यावे असा दंडक. दळणावळ म्हणून चक्कीवाला धान्यातूनच हिस्सा काढी. धान्य किती घातले नि पीठ किती निघाले, हे दळणाऱ्यालाच ठाऊक! गावाचा राग मालकापर्यंत पोचत नसे, तो चक्कीच्या दारातच अडे. मुकादमाविषयी हेच घडताना मी पुष्कळदा पाहिले आहे.

पुढे तर चक्कीवाल्याच्या पोराला इतर कारागिरांचे संघ उमेदवार म्हणूनही घेईनात. ‘हलके’ कुळ ना! अखेर १५४८ साली साम्राज्याने हुकूम काढला, की चक्कीवाले, तागाचे विणकर, न्हावी इत्यादिकांच्या मुलांना संघांत घ्यावे. १५७७ मध्ये तोच हुकूम पुन्हा काढावा लागला; यावरून पहिल्याची अंमलबजावणी कशी झाली असेल, ते कळतेच.

कालांतराने धंदा सुटला, नाव राहिले. आपल्या पंडितांचे वडील विल्हेल्म म्यूलर हे देसाऊचे कवी, एका शिंप्याचे चिरंजीव. आडनाव चक्कीवाल्याचे, घरात कात्री! त्यांनी चक्कीवरच्या उमेदवार पोराच्या प्रेमाची गीते लिहिली, आणि १८२३ मध्ये शूबर्टने त्यांना चाली दिल्या. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाने, म्यूलर फार झाले म्हणून, ‘मॅक्स’ हे आपले नाव आडनावालाच जोडून टाकले. गिरणीच्या हजेरीपटावर चार शिंदे आले, की आपणही बापाचे नाव लिहितोच.

ज्या आडनावाच्या पोरांना उमेदवारीही मिळत नव्हती, त्याच आडनावाचे हेरमान म्यूलर १९२८ साली जर्मनीचे चॅन्सेलर झाले. पक्ष समाजवादी लोकशाहीवाद्यांचा. मार्च १९३० मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ कोसळले, ते बेकारीच्या विम्याची वर्गणी किती असावी, या वादावरून.