रुमालातली पोथी

नदीवर नाव ठेवून वाटसरूला फुकट पैलतीरी पोचवणे हे आपल्याकडे फार जुने पुण्य मानले आहे. किती जुने, याचा दाखला आपल्या डहाणूच्याच नावाने आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. कोणकोणत्या नद्यांवर आपण बिनमोबदला नावांची सोय केली, हे तो त्यात सांगतो. दमण, तापी यांच्या रांगेत ‘डाहणुका’ हे नाव येते.

पुढे आठशे वर्षांनी पुन्हा तेच पुण्य, आणि तेही आपल्याच तालुक्यात. १९५५ साली चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. मधुमती हे मुहंमद या नावाचेच संस्कृत रूप. त्याने नदीवर नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. देवीच्या मठासाठी त्याने जमीन दिल्याचाही हा लेख आहे. पंढरीच्या वाटेवर ज्याने परक्या गावात पंगतीला बसून अन्न घेतले आहे, त्याला त्या अन्नछत्राचे मोल निराळे सांगायला नको. दान करणारा कोणत्या धर्माचा, हे त्या मठाला आड आले नाही, हेही लक्षात घ्यावे.

दगड टिकला, तांबे टिकले. कागदाचे तसे नाही. आशागडापासून समुद्र फार दूर नाही. चार महिने पावसाची ओल, वर कसर आणि वाळवी. या पट्ट्यात कागद टिकतो तो कुणीतरी जपला म्हणूनच. उत्तर कोकणाची ‘महिकावतीची बखर’ अशीच वाचली. महिकावती म्हणजे आपले केळवे-माहीम. बखरीचा जुना भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये लिहिला आणि ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द त्यात येतो. ही बखर १९२४ साली छापून लोकांपुढे आणली ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी.

राजवाड्यांचे नाव वारकऱ्याने जरा अडखळतच घ्यावे, असे आहे. संतांनी महाराष्ट्राला सहनशील आणि दुबळे केले, असा त्यांचा ठपका. समर्थांचे त्यांना कौतुक, टाळ-मृदंगाचे नाही. हे मत चुकीचे आहे असे मला वाटते. पण गावोगाव पायपीट करून, हाताने स्वयंपाक करून, दारोदार ‘तुमच्याकडे जुने कागद आहेत का’ म्हणून विचारणारा हा माणूस नसता, तर किती दप्तरे बंबात गेली असती! ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात ते पुढे होते. स्वभाव तापट. तिथेही त्यांचे फार काळ पटले नाही आणि अखेरच्या काळात ते धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला.

एकट्या माणसाचा पसारा त्याच्यामागे उधळून जातो, हे जगात नित्य पाहतो. धुळ्याच्या लोकांनी तसे होऊ दिले नाही. खानदेशातले ते तेव्हाचे लहान शहर. पण पुढच्याच वर्षी, १९२७ साली, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांची दप्तरे, टिपणे, पोथ्या मंडळाने सांभाळल्या, खानदेशातली नाणी आणि शिल्पे गोळा केली, ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक चालवले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत छापले तेही याच मंडळाने. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली होती आणि मठामठांतली रामदासी बाडे गोळा केली होती. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. एका गावात दोन भांडारे! गाव मोठे असावे लागते असे नाही, चार माणसे चिकाटीची लागतात.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९०९ साली राजवाड्यांनी ज्ञानेश्वरी छापली. बीडच्या बाजूला मिळालेली एक पोथी त्यांनी तिला आधार धरली होती. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्या शुद्धीच्याही आधीची ही पोथी आहे, असे त्यांचे म्हणणे. ओव्यांची संख्या आपल्या नित्य पाठातल्या प्रतीपेक्षा कमी, शब्दांची रूपे जुनी. विद्वानांत मोठा वाद झाला. १९६० साली सरकारने ज्ञानेश्वरी काढली तीही ही राजवाडे-संहिता धरूनच. पण मूळ पोथी कुठे आहे? ती आज उपलब्ध नाही. अक्षर कोणत्या काळचे, कागद कोणता, हरताळ फासून कुठे दुरुस्ती केली होती का, हे कुणी पुन्हा पाहू शकत नाही. राजवाड्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, एवढेच हाती उरले. ज्या माणसाने हजारो कागद वाचवले, त्याच्याच हातची ही एक पोथी आपल्याला अंतरली. ती एखाद्या मंडळाच्या कपाटात रुमालात बांधून असती, तर वाद मिटला नसता कदाचित, पण तपासायला जागा राहिली असती.

नाथांनी काय केले ते आठवावे. पाठभेदांनी बिघडलेल्या प्रती त्यांनी जुळवून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केल्यावर यात कुणी आपल्या ओव्या मिसळू नयेत, असे निक्षून बजावले. आमच्या मते संप्रदायातले आद्य संशोधक तेच. तुकोबांच्या अभंगांनाही असाच एक सांभाळणारा लाभला. संताजी तेली जगनाडे यांच्या घराण्यात वह्या राहिल्या, आणि ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी त्यांवरून गाथा छापली. ठाणे म्हणजे तेव्हा आपलाच जिल्हा. मिठाचा व्यापार करणाऱ्या या गृहस्थाने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभारण्यातही पुढाकार घेतला होता.

आपल्या भजनी मंडळांची बाडे अजून घरोघर आहेत. जीर्ण झाली की आपण ती श्रद्धेने नदीत सोडतो. त्यात अनादर मुळीच नसतो. पण सोडण्याआधी शेवटचे पान उलगडून पाहावे. लिहिणारा बहुधा तिथे शक, तिथी, गावाचे आणि आपले नाव लिहितो. कुठे कोऱ्या जागेत दिंडीचा खर्च मांडलेला असतो, कुठे कुणी किती शेर तांदूळ दिले ते. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधावा. पानांची छायाचित्रे घेतली तर मूळ बाड देव्हाऱ्याशेजारीच ठेवता येते. कोरड्या सुती फडक्यात बांधावे, आत वेखंडाची पुरचुंडी घालावी, आणि बाड कुणाकडून आले ते एका चिठ्ठीवर लिहून वरच ठेवावे.