नगरपालिका आणि तिचा स्वतःचा धूर

धुराचा इतिहास चाळू लागले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शहराचा कारभार पाहणाऱ्यांनी धूर मोजला तो बहुधा दुसऱ्याचा. मुंबईत गिरण्यांची धुरांडी वाढली, तेव्हा १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्या काळच्या निरीक्षकाचे साधन अगदी साधे असे. फ्रेंच प्राध्यापक रिंगेलमान यांनी १८८८ साली तयार केलेल्या तक्त्यात शून्यापासून पाचापर्यंत, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा होत्या. तो समोर धरून धुरांड्याच्या तोंडचा धूर ताडून पाहावयाचा. बंगालच्या १९०५ च्या कायद्याने तर प्रेतदहनाची भट्टी आपल्या व्याख्येतूनच वगळली होती. त्यामागची लोकभावना समजण्याजोगी आहे. परंतु गिरणीचा धूर दप्तरात आला आणि स्मशानाचा बाहेर राहिला, हेही खरे.

आपल्या नाशिकात नगरपालिका स्थापन झाली १८६४ साली. झाडलोट, कचरा, रस्ते आणि स्मशानभूमी ही तिच्यासारख्या संस्थांची नित्याची कामे. यांपैकी उघड्यावरच्या कामाला धुरांडे नसते. म्हणून ते निरीक्षकाच्या तक्त्यात कधी बसले नाही. पण गिरणीचा धूर उंचावर सुटतो, तर पेटलेला कचरा, मालमोटारीचा धूर आणि खराट्याने उडालेली धूळ माणसाच्या नाकाच्या उंचीवरच राहतात. ती धूळ सर्वांत आधी जाते झाडणाऱ्याच्याच छातीत.

ही उपेक्षा किती महाग पडते, हे मुंबईने पाहिले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती कचराभूमी कोणा कारखानदाराची नव्हती, महापालिकेचीच होती.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला आणि हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आले. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे वार्षिक मानक, २००९ साली ठरले त्याप्रमाणे, दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. मापनकेंद्राचा आकडा उपयोगी खराच. पण त्यात साऱ्या गावाची धूळ मिसळलेली असते. त्यातली किती आपली, हे तो एकटा आकडा महापालिकेला सांगत नाही.

ते समजावयाचे तर स्वतःची खतावणी हवी, आणि तिची सामग्री बहुतेक दप्तरात असतेच. वाहनांना डिझेल किती लिटर लागले, हे बिलांत असते. अंत्यसंस्कारासाठी महापालिका मोफत लाकूड पुरविते. म्हणजे त्याच्या वजनाचा हिशेब ठेवणे आलेच. कचऱ्याचे टन वजनकाट्यावर कळतात. जळणाच्या प्रत्येक परिमाणामागे धूर किती, याची कोष्टके शास्त्रज्ञांनी तयार केली आहेत. एका खात्याचे लिटर, दुसऱ्याचे मण आणि तिसऱ्याचे टन एका पानावर मांडून गुणाकार करावयाचा, एवढेच काम उरते.

खतावणी तयार झाली म्हणजे उपायांचा क्रमही ठरविता येतो. जुलै २०२१ मध्ये महापालिकेची शहर बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात सीएनजीच्या गाड्यांवर भर होता. या इंधनाने काजळी कमी होते. चाकांखालची धूळ मात्र राहते, तिला रस्ते नीट राखणे आणि ओल्या वा यांत्रिक झाडणीचीच मात्रा. २०१६ च्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. गॅस वा विजेच्या दाहिनीचा स्वीकार मात्र सक्तीने व्हावयाचा नाही, समजुतीनेच व्हावयाचा.

महाराष्ट्राच्या महापालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. त्यात एक पान महापालिकेच्या स्वतःच्या धुराचे असावे, असा आग्रह नागरिकांनी धरावा. जी संस्था आपल्या घरचा धूर मोजून चारचौघांत सांगते, तिलाच कारखानदाराला आणि शेकोटी पेटविणाऱ्या शेजाऱ्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार पोहोचतो. नाहीतर दिव्याखालचा अंधार तसाच राहील, आणि त्या अंधारात श्वास घ्यावयाचा आहे तो आपल्याच मुलाबाळांना.